काटा खोटे का सांगतो?

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा एखादे प्रवासवर्णन लिहावे असे मनात आले होते. पण माझा प्रवास म्हणाल तर गाव ते हिंगोली आणि हिंगोली ते गाव, एवढाच! त्याच प्रवासात एकदा जे घडले त्यावरून हा विषय सुचला. विषय तसा रुक्ष आहे. जुन्या गाडीतले इंधन दाखवणारे मीटर बिघडले तर बिघाड नेमका कुठे आहे, हे कसे ओळखावे? मी काही यंत्रशास्त्राचा विद्यार्थी नाही. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा जाणकारांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात. मात्र लेख शेवटपर्यंत वाचला, तर या विषयाचा आपल्या कला शाखेशी काहीच संबंध नाही, असे वाचकांना वाटणार नाही अशी आशा आहे.

परीक्षेचा दिवस

आमचे गाव कळमनुरी तालुक्यात. वडिलांची एक जुनी डिझेल जीप आहे. वय पंचवीस वर्षांच्या पुढे. ती कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे जो दोष सांगणार आहे तो वयाचा आहे, कंपनीचा नव्हे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी परीक्षेच्या वेळी आम्ही गावातले सात विद्यार्थी या जीपमधून पेपरसाठी हिंगोलीला निघालो होतो. पेपर सकाळचा. मार्च संपत आलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजवण्याच्या कढया पेटलेल्या होत्या आणि त्या ओल्या, उग्र वासातच आमची शेवटची उजळणी चालली होती.

कळमनुरी मागे पडली. हिंगोली अजून बरीच लांब होती. मोकळ्या रानात जीपने दोन आचके दिले आणि ती थांबली. वडिलांनी मीटरकडे पाहिले. काटा अर्ध्यावर होता. "तेल तर हाय की!" असे म्हणत ते खाली उतरले. फिल्टरमध्ये कचरा अडकला असेल म्हणून त्यांनी तो उघडून पाहिला. त्यात वीस मिनिटे गेली. शेवटी बांधावरची एक तुराटी मोडून त्यांनी टाकीत घातली. ती कोरडी बाहेर आली.

फोन करून मोटारसायकलवर डिझेलचा कॅन मागवला. पण डिझेल गाडीचे एक दुखणे असते, ते पेट्रोल गाडीला सहसा नसते. टाकी पूर्ण कोरडी झाली की इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होत नाही. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचे, बुडबुडे येणे थांबून डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा, आणि हाच प्रकार पुढे पंपाजवळ पुन्हा करायचा. यालाच 'एअर काढणे' म्हणतात. घाईच्या वेळी हे काम मुळीच लवकर उरकत नाही.

दरम्यान येणाऱ्याजाणाऱ्या मोटारसायकलींना हात करून आमच्यातले तिघे पुढे गेले. त्या तिघांत मी होतो. मागे राहिलेले चौघे परीक्षा केंद्रावर पोचले तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता, आणि अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. त्या चौघांत आमच्याच गल्लीतली एक मैत्रीण होती. वर्ष वाया गेले तर शिक्षण बंद, असे तिच्या घरी आधीच ठरलेले होते. मला ते ठाऊक होते, आणि तरीही पहिल्या थांबलेल्या मोटारसायकलवर मीच बसलो होतो. याचे मला आजही वाईट वाटते.

संध्याकाळी पारावर वेगळीच चर्चा सुरू झाली. काटा अर्ध्यावर होता हे सातही जणांनी डोळ्यांनी पाहिलेले. मग डिझेल गेले कुठे? कुणीतरी म्हणाले, रात्रीच काढून घेतले असेल आणि हळद पॉलिश करण्याच्या मशीनला घातले असेल. दुसरा म्हणाला, पोरांच्या परीक्षेपेक्षा यांना चार लिटर तेल मोठे! ज्या मैत्रिणीचा पेपर बुडाला तिचे वडीलही त्या बैठकीत होते. ते काही बोलले नाहीत, पण उठून गेले. आमच्या वडिलांनी कुणालाच उत्तर दिले नाही. घरी येऊन ते जेवले नाहीत, एवढे मला आठवते.

काट्याला टाकी दिसत नसते

आता मूळ विषयाकडे वळू. काचेमागचा काटा अर्ध्यावर असतो तेव्हा आपण म्हणतो, 'टाकी अर्धी आहे.' पण काट्याला टाकी कुठे दिसते? त्याला फक्त आपल्यातून किती वीज वाहते आहे एवढेच कळते. टाकी आणि काटा यांच्यामध्ये एक साखळी असते, आणि निरोप तिच्यातून हातोहात येतो.

साखळीचे पहिले टोक टाकीत असते. तिथे एक पोकळ तरंगणारा डबा असतो. त्याला गॅरेजमध्ये 'फ्लोट' म्हणतात. तो एका लांब दांडीला लावलेला असतो. इंधन वाढले की फ्लोट वर येतो, कमी झाले की खाली जातो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची छोटी जीभ असते. ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. जीभ जिथे असेल त्याप्रमाणे विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो. हा अडथळा 'ओहम' या एककात मोजतात. फ्लोट, दांडी, वेटोळे हे सगळे मिळून जे बनते त्याला 'टँक युनिट' म्हणतात.

टँक युनिटपासून एक वायर समोरच्या मीटरपर्यंत जाते. मीटरला वीज मिळते ती चावी फिरवल्यावर, फ्यूजमधून. वीज मीटरमधून, वायरमधून, वेटोळ्यातून जाऊन शेवटी टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून बॅटरीकडे परतते. या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. अर्थ तुटला की सगळेच निरर्थक होते. हा शब्द ऐकून मराठीच्या विद्यार्थ्याला हसू येते, पण गोष्ट खरी आहे.

मीटरचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एकात दोन वेटोळी असतात आणि त्यांच्या चुंबकीय ओढाताणीत काटा स्थिरावतो. असा काटा चपळ असतो. दुसऱ्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तिच्याभोवतीची तार विजेने तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून हा काटा चावी फिरवल्यावर सावकाश चढतो. त्याचा आळस हा बिघाड नव्हे. या प्रकारात बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तर काटाही हलेल, म्हणून मध्ये दाब स्थिर ठेवणारी एक डबी बसवलेली असते. जुन्या अनेक गाड्यांत ती सरासरी सुमारे १० व्होल्ट देते. इंधनाचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे पुष्कळदा याच डबीवर चालतात.

ही साखळी नीट ध्यानात घेतली की काटा खोटे सांगत असेल तर खोटेपणा साखळीच्या कोणत्या कडीत शिरला, एवढाच प्रश्न उरतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या घरी मात्र आधी उलटेच झाले. काटा चुकीचा दिसतो म्हणजे मीटर खराब, असा सरळ निष्कर्ष काढून वडिलांनी एका दुकानात नवे मीटर बसवून घेतले. पैसे गेले. नवा काटाही जुन्या काट्याच्याच जागी, बरोबर अर्ध्यावर जाऊन बसला! आपल्याकडे म्हण आहेच, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जिथे लक्षण दिसते तिथेच रोग असतो असे नाही, हे डॉक्टरांना माहीत असते. आपल्याला ते पैसे गेल्यावर कळते.

नवे मीटर घेताना आणखी एक फसगत होऊ शकते. मीटर आणि टँक युनिट ही जोडी असते. काही जोड्या रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम अशा हिशेबाने बनतात. काही नेमक्या उलट असतात : रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. एका जोडीचे मीटर दुसऱ्या जोडीच्या युनिटला लावले तर टाकी भरताना काटा उतरू लागतो! आमचे तसे झाले नव्हते, पण ज्यांच्या गाडीत आधीच्या मालकाने काही बदललेले असेल त्यांनी ही शक्यता विसरू नये.

चाचांची पद्धत

शेवटी कळमनुरीच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे आम्ही गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. त्यांनी मीटरला हातच लावला नाही. म्हणाले, "बेटा, अगोदर विचारायचं, मग खोलायचं." त्यांनी जे केले ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट सावधगिरीची. काम उघड्यावर केले, विडी विझवायला लावली आणि जवळ वाळूची बादली ठेवली. आमची जीप डिझेलची होती. पेट्रोलच्या गाडीला तर याहून जास्त जपले पाहिजे, कारण पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते. टाकीचे तोंड उघडे असताना किंवा कुठे गळती असताना वायरीची तपासणी करायचीच नाही.

दुसरी गोष्ट, इतर काटे पाहणे. चावी फिरवल्यावर तापमानाचा काटा नीट चालतो का? दोन्ही काटे एकदम मेले असतील तर फ्यूज पाहावा. दोन्ही एकदम जास्त दाखवत असतील तर ती १० व्होल्टची डबी किंवा तिचा अर्थ संशयित. एकच काटा चुकत असेल तर दोष त्या एकाच्याच वाटेवर आहे. आमचा तापमानाचा काटा ठीक होता. एवढ्या एका प्रश्नात निम्मी गाडी निर्दोष सुटली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आमच्या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली आहे. आसन काढून चाचांनी टँक युनिटवरची वायर सोडवली आणि मला चावी फिरवायला सांगितली. काटा सरकून एका टोकाला गेला. मग त्यांनी त्या सुट्या वायरचे टोक, मध्ये एक लहान बल्ब घेऊन, टाकीपासून दूर सांगाड्याच्या साफ लोखंडाला क्षणभर टेकवले. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला. बल्ब मध्ये घ्यायचा तो अशासाठी, की एकदम पूर्ण प्रवाह जाऊन मीटरचे वेटोळे जळू नये. वायर तशी धरूनही ठेवायची नाही. काटा निघाला एवढे दिसले की पुरे.

वायर सुटी असताना काटा 'रिकामी'कडे जातो की 'भरलेली'कडे, हे जोडीच्या प्रकारावर अवलंबून आहे. ज्या जोडीत जास्त ओहम म्हणजे भरलेली टाकी, तिथे सुट्या वायरीने काटा 'भरलेली' दाखवतो. उलट्या जोडीत 'रिकामी' दाखवतो. पण दोन्ही टोकांना काटा जातो का, हाच खरा प्रश्न. जात असेल तर मीटर, त्याचा वीजपुरवठा आणि टाकीपर्यंतची वायर ही तिन्ही निर्दोष. जात नसेल, तर तीच चाचणी मीटरच्या मागे, वायर जिथे जोडली आहे तिथे करायची. तिथे काटा हलला तर मधली वायर तुटलेली किंवा कुठे घासून सांगाड्याला टेकलेली. तिथेही हलला नाही तरच मीटर किंवा त्याला मिळणारी वीज दोषी. म्हणजे आम्ही पहिल्याच दिवशी जे बदलले, ते खरे तर सर्वांत शेवटी संशय घेण्यासारखे होते!

चौथी गोष्ट अर्थाची. वायर पुन्हा जोडून चाचांनी युनिटच्या पत्र्याला एक जादा वायर लावली आणि तिचे दुसरे टोक सांगाड्याला घट्ट बांधले. टाकीखालच्या रबराच्या पट्ट्या, रंग आणि गंज यांमुळे परतीची वाट बंद होते आणि मग कधी काटा एका टोकाला चिकटतो, कधी खड्ड्याखड्ड्याला नाचतो. जादा वायरीने काटा सुधारला तर दोष सापडला. युनिटही उघडायला नको. आमचा काटा मात्र ढिम्म हलला नाही.

राहिले फक्त टँक युनिट.

गंज

चाचांनी बॅटरीची वायर काढली, युनिटभोवतीची जागा पुसून घेतली म्हणजे कचरा टाकीत पडायचा नाही, आणि स्क्रू काढून युनिट हळूच तिरपे करत बाहेर काढले. युनिटमध्ये काय काय बिघडू शकते तेही त्यांनी सांगितले. फ्लोटला बारीक छिद्र पडले तर त्यात इंधन शिरते, तो बुडतो आणि काटा सतत 'रिकामी' दाखवतो. असा फ्लोट कानाजवळ हलवला की आत खळखळ ऐकू येते. त्याला झाळ मारायला जाऊ नये. आतल्या वाफेचा भडका उडतो, म्हणून तो बदलावाच. वेटोळ्याची तार झिजली किंवा तुटली तर त्या ठरावीक जागी काटा उडी मारतो किंवा पडतो, इतर ठिकाणी ठीक चालतो. दांडी वाकली असेल तर काटा हलतो बरोबर, पण सगळीकडे सारख्याच अंतराने चुकतो.

आमचा प्रकार आणखी निराळा होता. टाकीत साचलेल्या पाण्याने दांडीच्या खिळीला गंज चढला होता, त्यावर डिझेलचा चिकट थर बसला होता, आणि दांडी जिथे होती तिथेच आवळली गेली होती. बरोबर मध्यावर. फ्लोट हवेत लोंबत होता, तरी पडत नव्हता. मल्टिमीटर लावून चाचांनी दाखवले : टाकी रिकामी असो की अर्धी, ओहमचा आकडा एकच. म्हणजे काटा खोटे बोलतच नव्हता. त्याला जो निरोप मिळत होता तो तो इमानाने सांगत होता. निरोपच जुना होता.

मग प्रश्न आला, हे इतके दिवस कळले कसे नाही? याचे उत्तर आमच्या परिस्थितीत आहे. वडील टाकी कधी पूर्ण भरत नसत. हातात पैसे असतील तसे पाच लिटर, दहा लिटर टाकायचे. त्यामुळे टाकी बहुतेक वेळा अर्ध्याच्या आसपास किंवा खालीच असायची, आणि अर्ध्यावर अडकलेला काटा खराही वाटायचा. एकदा जरी टाकी काठोकाठ भरली असती, तरी तो तिथेच राहिलेला पाहून चोरी उघड झाली असती.

त्या दिवशी चाचांच्या दुकानात वडील एक वाक्य बोलले. "दोन महिने काटा हलला नाही, हे मला दिसत होतं. पण चांगलं दाखवत होता, म्हणून मी विचारलं नाही." काटा 'रिकामी'वर अडकला असता तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी दाखवली असती. वाईट बातमी देणाऱ्याची आपण उलटतपासणी करतो. चांगली बातमी देणाऱ्याला मात्र जाऊ देतो. मला वाटते, या सगळ्या प्रकरणात यंत्राच्या गंजाइतकाच हाही दोष होता, आणि तो वडिलांनी आपणहून कबूल केला याचा मला अभिमान वाटतो.

काठी आणि काठीवरचा आकडा

नवे युनिट बसवल्यावर आम्ही टाकीची मोजणी केली. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर मापून ओतले आणि दर वेळी काटा कुठे येतो ते वहीत लिहिले. त्यातून एक मजेची गोष्ट कळली. टाकीचा आकार सगळीकडे सारखा नसल्यामुळे काट्याचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग यांत सारखे डिझेल नसते. चढावर काटा वेगळे दाखवतो, उतारावर वेगळे. म्हणून मोजणी सपाट जागीच करावी. त्याच वेळी एका लाकडी काठीवर दर पाच लिटरला खूण केली. ती काठी आता आसनामागे असते.

काठी म्हणजे काही मागासलेपण नव्हे. अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात लाखोंनी विकली गेली. तिलाही इंधनाचा काटा नव्हता, काठी बुडवूनच पाहत. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर आठवा. बजाजची 'चेतक' १९७२ साली आली. त्या काळच्या स्कूटरना काटा नसे, 'रिझर्व्ह'ची चावी असे. गाडी अडखळली की चावी फिरवायची, आणि तेही संपले की स्कूटर आडवी करून उरलेसुरले थेंब गोळा करायचे. आमच्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी हे केले असणार! 'रिझर्व्ह'ची ती पद्धत ओबडधोबड, पण प्रामाणिक होती. ती अंदाज सांगत नसे, संपल्यावरच सांगत असे.

मात्र काठीवरही आंधळा विश्वास नको, हे शिकवणारी एक प्रसिद्ध घटना आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघाले होते. त्याची इंधन मोजणारी यंत्रणा बंद पडलेली होती. मुळाशी होता तो एक कच्चा झाळलेला जोड. म्हणून कर्मचाऱ्यांनी टाक्यांत मापपट्टी लावून इंधन लिटरमध्ये मोजले. पट्टीचा आकडा बरोबर होता. पण हवे होते किलोग्रॅम. लिटरचे किलोग्रॅम करायला साधारण ०.८ ने गुणायचे असते. त्यांनी जुन्या सवयीचा १.७७ हा आकडा घेतला. तो पौंडांचा होता. २२,३०० किलोग्रॅम इंधन आहे असे समजून विमान उडाले, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अवाढव्य विमान पतंगासारखे तरंगवत गिमली येथील जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरवले. विमानातले सर्व ६९ जण वाचले.

आमची जीप आणि ते विमान यांची बरोबरी करणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. पण धडा एकच आहे. मोजमाप म्हणजे साखळी असते. तिच्यातली एखादी कडी तपासायची राहिली तर बाकीच्या कितीही पक्क्या असल्या तरी उपयोग नाही, मग ती कडी गंजलेली खिळी असो, कच्चा जोड असो की कागदावरचा चुकीचा गुणाकार असो.

आपल्या शाखेशी संबंध

इतिहासाच्या तासाला सर आम्हाला सांगतात, कागद समोर आला की आधी विचारा : लिहिणाऱ्याने हे स्वतः पाहिले होते का? नसेल तर त्याला कुणी सांगितले? त्या सांगणाऱ्याला कसे कळले? बखरीतली एखादी हकिकत चुकीची निघाली तर बखरकार खोटारडा असे लगेच म्हणू नये. कदाचित त्याच्यापर्यंत आलेला निरोपच वाटेत कुठेतरी अडकलेला असेल. चाचांनी शाळा किती केली ते मी विचारले नाही. पण वायर सोडवून मधली एक-एक कडी ते ज्या रीतीने निर्दोष ठरवत गेले, ती रीत मी वर्गात शिकतो त्याहून वेगळी नव्हती.

पारावरच्या मंडळींनी नेमके हेच केले नव्हते. काटा अर्ध्यावर होता, टाकी कोरडी होती, म्हणजे डिझेल चोरले. साखळी तपासण्याआधीच माणूस दोषी ठरला. आम्हीसुद्धा घरी नवे मीटर आणून तेच केले होते, फरक एवढाच की आम्ही यंत्राला दोषी ठरवले.

गंजलेले जुने युनिट वडिलांनी फेकून दिले नाही. एका संध्याकाळी ते कापडात गुंडाळून ते आमच्या मैत्रिणीच्या घरी गेले. मी सोबत होतो. तिच्या वडिलांसमोर त्यांनी ते ठेवले आणि काही न बोलता बसून राहिले. तिच्या वडिलांनी युनिट हातात घेतले, फ्लोट वर उचलून पाहिला, खाली दाबून पाहिला. तो हलला नाही. त्यांनी अंगठ्याने खिळीवरचा गंज खरवडला. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "गंज हाय." मग आत वळून चहा ठेवायला सांगितला.

राहिलेला पेपर तिने हिवाळी परीक्षेत दिला आणि ती उत्तीर्ण झाली. तिचे शिक्षण चालू आहे. त्या हिवाळी पेपरला तिला हिंगोलीला सोडायला वडीलच गेले होते. निघण्याआधी त्यांनी काटा पाहिला, मग आसनामागची काठी काढून टाकीत घातली, आणि काठीवरची ओली खूण तिच्या वडिलांना दाखवली. तेवढे झाल्यावर जीप सुरू केली.